अंडं तरंगेल इतकं मीठ

रविवारी चर्च सुटल्यावर युलिस आपला ट्रक घेऊन एल्मीरच्या अंगणात आला, तो हंडा न्यायलाच. कोळंबीच्या बोटीवर चाळीस वर्षं काढलेला माणूस. जमिनीवरही तो इंजिनाच्या आवाजावर मात करायची असल्यासारखा बोलायचा.

“वहिनी, या वर्षी थँक्सगिव्हिंग आमच्याकडे!” तो शेडकडे चालत चालतच म्हणाला. “आमच्या हिनं, डोरिसनं, सगळ्यांना कळवलंय. तू नुसती ये, खुर्चीत बस, खा. खूप केलंस आजवर.”

एल्मीर पायरीवर बसून अक्रोडासारखी पिकानची फळं फोडत होती. मांडीवर टरफलांचा ढीग झाला होता. ती उठली नाही.

“हंड्याला हात लावू नकोस,” ती म्हणाली.

युलिस थबकला. हंडा शेडच्या आडव्या फळीला उलटा टांगलेला होता. त्याच्या थोरल्या भावाचा, ओविदचा हंडा. एकतीस वर्षं दर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या गुरुवारी, याच अंगणात, याच ओकच्या झाडाखाली त्या हंड्यात टर्की तळली गेली होती. बायूच्या, म्हणजे गावातल्या संथ खाडीच्या, दोन्ही काठांवरचे शेरामी घराण्यातले झाडून सगळे त्या दिवशी इथे जेवायला यायचे. ओविद मार्चमध्ये गेला. त्यानंतर हंडा खाली उतरला नव्हता.

“अगं, पण तळणार कोण?”

“मी.”

युलिस हसला. मग ती हसत नाहीये हे पाहून त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. “वहिनी, तू भात कर. रताळी कर. तुझ्या पिकानच्या गोड पायसाठी लोक मुडदे पाडतील. पण उकळत्या तेलात चौदा पौंडांचा पक्षी सोडणं हे बायकांचं काम नाही. आपल्याकडे कधी कुठल्या बाईनं केलंय?”

“मग आता करेल.”

ती हट्टाला पेटली होती खरी, पण तो नुसता हट्ट नव्हता. पलीकडच्या काठावरच्या आझेली म्हातारीचं काय झालं, ते एल्मीरनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचा नवरा वारल्यावर पहिल्या वर्षी तिची मोठी कढई मुलाकडे गेली. कढईमागून नाताळ गेला, नाताळामागून रविवारची जेवणं. पुढे लोक तिच्या दारात पंधरा मिनिटं थांबायचे, हातात चांदीच्या कागदानं झाकलेलं ताट द्यायचे आणि गाडी चालूच ठेवायचे. तसली ताटं एल्मीरनं स्वतः तिला नेऊन दिली होती. आझेली दर वेळी म्हणायची, “बस की जरा,” आणि एल्मीर दर वेळी म्हणायची, “पुढच्या खेपेला.”

“बरं, असं करू,” युलिस म्हणाला. “गुरुवारी तू तळ. पक्ष्याची नुसती हाडं उरली, तर हंडा इथं राहील. ताटात मांस शिल्लक राहिलं, तर संध्याकाळी हंडा माझ्या ट्रकमध्ये. मग रुसायचं नाही.”

“कबूल. आणि तुझी बर्फाची मोठी पेटी मंगळवारपर्यंत आणून दे.”

“तळायला बर्फ लागतो होय?”

“आण म्हटलं की आणायची.”

तो जाताना पुटपुटत गेला, पण त्याचं पुटपुटणंही रस्त्यापर्यंत ऐकू आलं.

ओविद टर्कीला सुई द्यायचा. गुरांच्या डॉक्टरकडे असते तेवढी जाड सुई, त्यात लोणी, लसूण, लाल मिरची आणि आणखी काय काय भरून तो छातीत, मांडीत टोचायचा. ते “काय काय” त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही, कागदावर लिहिलंही नाही. एल्मीरनं सुई शोधून काढली तर आतलं रबर विरून गेलेलं. ते नवीन आणता आलं असतं, पण तिच्या बोटांची पेरं सुजून लिंबाएवढी झाली होती. दट्ट्या दाबायची ताकद त्यांत नव्हती. आणि समजा दाबला असता, तरी आत भरणार काय? सगळे जण ओविदची चव शोधत आले असते आणि ती कुणालाच सापडली नसती.

तेव्हा तिनं ठरवलं होतं, आपल्याला जे येतं ते करायचं. तिला मिठाचं पाणी येत होतं. तिची आई डिसेंबरात डुक्कर मारल्यावर मांस मातीच्या मोठ्या बरण्यांत खारवून ठेवायची. पाण्यात खडे मीठ ढवळत राहायचं, मधूनमधून कच्चं अंडं सोडून बघायचं. अंडं वर येऊन त्याचा नाण्याएवढा गोल पाण्याबाहेर दिसला की मीठ पुरलं. वजन नाही, माप नाही. एल्मीर सात वर्षांची असल्यापासून अंडं सोडायचं काम तिचं होतं.

बुधवारी सकाळी सहाला तिनं तेच केलं. पाण्यात मीठ, काकवी, तमालपत्र, लसणाचे ठेचलेले गड्डे, मूठभर लाल मिरची. अंडं आधी बुडालं, मग तिरकं झालं, मग डोकं वर काढून डुलायला लागलं. युलिसच्या बर्फाच्या पेटीत तिनं टर्की ठेवली, मान आणि काळीजही त्याच पाण्यात टाकलं, वरून बर्फ ओतला आणि झाकणावर वीट ठेवली.

दुपारी बाराच्या सुमारास शेजारची इनोला आली. दोघी एकाच वर्गातून शाळा सोडून कोळंबी सोलायच्या शेडमध्ये गेल्या होत्या, तेव्हापासूनची मैत्री. इनोला मागच्या दारानं यायची आणि येताना बोलतच यायची.

“गावभर झालंय म्हणे, की एल्मीर उद्या स्वतःला तळून घेणार आहे.”

“बस. चव बघ.” एल्मीरनं पाण्यातून मान काढली, पुसली, दोन तुकडे करून तव्यावर परतली आणि एक तुकडा इनोलापुढे ठेवला.

इनोलानं तो तोंडात टाकला. तिचे डोळे बारीक झाले, ओठ आत गेले. ती उठून बेसिनपाशी गेली आणि थुंकली. मग नळाखालीच तोंड धरून पाणी प्यायली.

“देवा! अगं, हे काय खायचं आहे की हे मीठ टाकून रस्त्यावरचा बर्फ वितळवायचाय?”

एल्मीरनं दुसरा तुकडा चाखला. जिभेला चटका बसावा तसं झालं. ती तव्याकडे बघत उभी राहिली. आईच्या बरण्या तिला डोळ्यांसमोर दिसत होत्या, ते अंडं, बरण्यांवरचं दगडी झाकण. मग त्या चित्रातलं पुढचं तिला आठवलं आणि तिनं कपाळावर हात मारला.

“ते मांस सबंध हिवाळा टिकवायचं असायचं, इनोला. ते असं नाहीच खायचं कुणी. शिजवायच्या आधी आई ते सबंध दिवस साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. अंडं माझं काम होतं. पाणी बदलायचं काम थोरल्या बहिणीचं होतं. म्हणून माझ्या ते डोक्यातच राहिलं नाही.”

“मग आता?” इनोला तोंड पुसत म्हणाली. “दुकानात पक्षी उरलेत ते दगडासारखे गोठलेले. उद्यापर्यंत काही सुटायचे नाहीत. मी सांगू? युलिसला फोन कर. त्याच्याकडे डोरिसनं एक जास्तीचा आणून ठेवलाय. मी बघितलाय तिच्या फ्रीजमध्ये.”

“जास्तीचा का आणला?”

इनोला नळ पुसायला लागली. ती असं काही पुसायला लागली की काय समजायचं ते एल्मीरला ठाऊक होतं. माझा पक्षी फसणार हे डोरिसनं आधीच धरून ठेवलंय.

“फोन नाही करायचा,” एल्मीर म्हणाली. “पेटीचं ते टोक धर.”

दोघींनी खारं पाणी अंगणाच्या कडेला ओतलं. टर्की धुतली, पेटी धुतली, साधं पाणी आणि नवा बर्फ भरला. एल्मीरनं ओट्यावरचं घड्याळ खिडकीत आणून ठेवलं. दर तासाला पाणी बदलायचं. इनोला दोनदा घरी जाऊन आली आणि दोन्ही खेपांना म्हणाली की तुझं डोकं फिरलंय, पण पेटीचं टोक धरायला वाकली.

मीठ कुठवर उतरलं हे बघायला पक्षी कापता येत नव्हता. सबंध टर्कीच हंड्यात जायला हवी होती. एल्मीरनं तिसऱ्या पाण्यानंतर एका पंखाचं टोक छाटलं आणि तव्यावर परतलं.

“अजून खारट,” इनोला म्हणाली. “पण आता निदान माणसाच्या खाण्यातलं खारट.”

सहाव्या पाण्यानंतर दुसऱ्या पंखाचं टोक. इनोलानं ते चावलं, चघळलं, हाडापर्यंत चोखलं आणि हात पुढे केला. “आणखी आहे?”

“पंख दोनच असतात.”

“मग झालं की!”

“टोकाचं झालं,” एल्मीर म्हणाली. “छाती जाड, तिच्यात फार मीठ गेलंच नसेल. तिची मला काळजी नाही. तंगड्यांचं सांगता येत नाही.” तिनं टर्की उचलून मागच्या ओसरीतल्या जुन्या फ्रीजमध्ये ठेवली. ओविद त्यात गळाची आमिषं ठेवायचा. गेल्या आठवड्यात तिनं तो तीनदा घासला होता. पक्ष्यावर काही न झाकता तिनं दार लावलं. कातडं रात्रभर सुकू दे.

पहाटे उत्तरेचा वारा सुटला. बायूचं पाणी मागे सरून काठाचा काळा चिखल उघडा पडला आणि हवा एकदम कोरडी, कडक झाली. दहा वाजेपर्यंत अंगणात वीस-बावीस माणसं जमली. बायका आपापली झाकलेली भांडी घेऊन स्वयंपाकघरात शिरल्या. बाप्ये शेगडीभोवती उभे राहिले, जिथं ते एकतीस वर्षं उभे राहत आले होते. फक्त मधली जागा रिकामी होती आणि तिच्यात कोणी पाय ठेवत नव्हतं.

एल्मीर टर्की घेऊन बाहेर आली. कातडं वरून कागदासारखं सुकलं होतं. तिनं पिठाच्या पिशवीच्या तपकिरी कागदाची एक पट्टी फाडली, पक्ष्याच्या पोटात कोंबली, थोडं थांबली आणि बाहेर काढली. कागद ओला होता.

“अजून नाही,” ती म्हणाली. तिनं ओविदचा लोखंडी आकडा टर्कीत अडकवला आणि ती सरळ कपडे वाळत घालायच्या दांडीवर, वाऱ्यात टांगून दिली.

 मग युलिस ओरडला, “वहिनी, चिमटे लाव, नाहीतर उडून जाईल!”

सगळे हसले. डोरिस खिडकीतून म्हणाली, “इस्त्री पण करणार का हो?” पुन्हा हसू. एल्मीरनं मान वळवली नाही. ती दांडीपाशी खुर्ची घेऊन कागदाच्या पट्ट्या मांडीवर ठेवून बसली.

अकरा वाजले. साडेअकरा झाले. दुसरी पट्टी दमट निघाली. पोरंटोरं रडायला लागली, तेव्हा बायकांनी त्यांना पाव दिला. युलिस बिअरचा डबा घेऊन तिच्याजवळ आला आणि त्याच्या मानानं हळू बोलला, म्हणजे निम्म्याच अंगणाला ऐकू गेलं.

“वहिनी, बास झालं. माणसं भुकेली आहेत. थोडं ओलं असलं तर काय होतंय? जरा उडेल तेल.”

एल्मीरनं त्याच्याकडे पाहिलं. “त्या वर्षी दांड्याचं दुसरं टोक तू धरलं होतंस.”

युलिसला ते वर्ष आठवलं. घाईघाईनं सोडलेला पक्षी, पोटात राहिलेला बर्फ, हंड्यातून उसळून शेगडीवर आलेलं तेल. ओविदच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत चकचकीत गुळगुळीत डाग राहिला होता आणि तो त्यानं आयुष्यभर लांब बाहीखाली ठेवला.

“कागद कोरडा निघाला की,” एल्मीर म्हणाली.

युलिस परत गेला. पण नुसतं उभं राहणं त्याच्यानं होत नव्हतं. पाऊण वाजता तिसरी पट्टी कोरडीठाक निघाली आणि एल्मीर टर्की घेऊन ओकखाली आली, तेव्हा त्यानं शेगडी पेटवली होती. शेंगदाण्याचं तेल हंड्यात ओतून झालं होतं आणि आच चढली होती.

“ओविदच्या खुणेपर्यंत भरलंय. बरोबर रेघेवर,” तो छाती काढून म्हणाला.

हंड्याच्या आत ओविदनं खिळ्यानं एक रेघ ओढलेली होती. ती अंगणातल्या सगळ्यांना माहीत होती.

“शेगडी बंद कर,” एल्मीर म्हणाली.

“आता काय झालं?”

“ओविद बारा पौंडांचा पक्षी आणायचा. हा चौदाचा आहे, तेल उतू जाईल. मी सोमवारी हंड्यात टर्की ठेवून पाणी भरून बघितलंय. रेघेपासून दोन बोटं खाली कोळशानं खूण केली आहे. ती बघ.”

युलिस वाकला. तेलाखाली काळी पुसट रेघ होती. तो सरळ झाला. त्यानं शेगडी बंद केली. लांब दांड्याच्या पळीनं एकेक करत तो तेल लोखंडी बादलीत काढू लागला आणि बाकीचे बाप्ये गंभीर चेहऱ्यानं त्याला पळ्या मोजून दाखवू लागले. कोळशाची रेघ उघडी पडली तेव्हा एल्मीर म्हणाली, “पुरे.”

तेल पुन्हा तापून साडेतीनशे फॅरनहाइटवर आलं. तिनं परत शेगडी बंद करायला लावली. पक्षी आत जाताना खाली ज्वाला नको. मग केरसुणीचा दांडा आकड्यात घातला, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं टोक युलिसपुढे केलं.

“मी सांगेन तसंच. मधे थांब म्हटलं की थांबायचं.”

“हो.”

टर्कीची टोकं तेलाला लागली आणि खळखळाट झाला. “थांब.” सुजलेली बोटं दुखत होती, पण दांडा हलला नाही. “आता दोन बोटं. थांब. आणखी.” फेस चढत हंड्याच्या काठाखाली चार बोटांवर आला, तिथं घुटमळला आणि बसला. टर्की बुडाली. एकही थेंब बाहेर आला नाही. एल्मीरनं आकडा सोडवला आणि म्हणाली, “पेटव. एकोणपन्नास मिनिटं.” आणि ती त्या मधल्या रिकाम्या जागेत उभी राहिली. तिला कोणी खुर्ची देऊ केली नाही, आणि तिनं मागितलीही नाही.

टर्की बाहेर निघाली ती जुन्या पितळेच्या रंगाची. युलिसनं सुरी लावली तेव्हा कातडं वाळक्या पानासारखं वाजलं आणि छातीतून रस फळीवर आला. पहिला घास घेऊन तो चावत राहिला. सगळे त्याच्या जबड्याकडे बघत होते.

“ओविदसारखी नाही,” तो म्हणाला. मग दुसरा तुकडा उचलला. “पण आत हाडापर्यंत चव आहे. हे कसं काय?”

“आधी जेव.”

छातीचं मांस दहा मिनिटांत संपलं. पंख संपले. एक तंगडी कोणीतरी भाताबरोबर खाल्ली आणि तीन पेले पाणी प्यायलं. मग माणसं पिकानच्या पायकडे वळली, आणि लांब टेबलाच्या मध्यभागी मोठ्या ताटात एकच गोष्ट राहिली. दुसरी तंगडी. कोणी तिच्याकडे हात नेईना, आणि सगळ्यांचं लक्ष मात्र तिच्यावरच.

इनोलानं गप्पा मारता मारता कागदी रुमाल ताटावर टाकला आणि तंगडीसकट उचलून मांडीवर घेतला.

“ठेव ती परत,” एल्मीर म्हणाली.

“काय ठेवू?”

“इनोला.”

इनोलानं तंगडी परत ठेवली. “मी कुत्र्यासाठी घेत होते,” ती सगळ्या टेबलाला म्हणाली.

“तुझ्याकडे कुत्रा नाही,” डोरिस म्हणाली.

एल्मीर उठून उभी राहिली. “तंगडी खारट आहे. चूक माझी आहे. मी अंडं तरंगेल इतकं मीठ घातलं, डुकराला घालतात तसं. मग दुपारभर धुऊन काढलं. छातीचं जमलं, तंगड्यांचं नाही जमलं. पुढच्या वर्षी निम्मं मीठ घालेन, मग धुवावंही लागणार नाही. ठरल्याप्रमाणे मांस शिल्लक आहे.” एवढं बोलून ती बसली. तिनं युलिसकडे पाहिलं, नजर खाली घातली नाही.

युलिसनं टोपी मागे सारली. हात लांब करून तंगडी उचलली आणि दात लावला. त्याचं तोंड वाकडं झालं. त्यानं बिअरचा घोट घेतला, पुन्हा दात लावला. अख्खं टेबल बघत असताना त्यानं ती तंगडी शेवटच्या दोऱ्यापर्यंत खाल्ली, दोन डबे बिअर संपवली, आणि हाड ताटात टाकलं. ठण्णकन वाजलं.

“कुठाय शिल्लक?” तो म्हणाला आणि उठला.

उन्हं कलायला लागली. बायका हाडं गोळा करत होत्या, उद्याच्या गंबोच्या रश्शासाठी. एल्मीर पायरीवर बसून युलिसचा ट्रक बघत होती. मागचं फळकूट अजून उघडं होतं. ओकखाली युलिसनं गार झालेलं तेल फडक्यातून गाळून डब्यांत भरलं, मग हंडा नळाशी नेला आणि बाह्या सारून आतून घासायला लागला. जरा वेळानं त्याचं घासणं थांबलं.

“वहिनी!” त्याची हाक बायूपलीकडे गेली असेल. “तुझी कोळशाची रेघ पुसून चाललीय!”

“मग?”

“मग काय, मग! खिळा आण!”